काचेवर पाणी मारणारा पंप बोलतच नाही. बदलू, की आधी काही तपासू?

चोपडेकर_सर

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, पेट्रोल हॅचबॅक, साधं मॉडेल. मागच्या काचेला वायपर नाही. स्टेअरिंगजवळची दांडी ओढली की वायपर फिरतात, पण पाण्याचा थेंब नाही. पूर्वी पुढून घर्रर्र असा आवाज यायचा, आता तोही बंद. टाकी गळ्यापर्यंत भरलेली आहे. फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत आहे.

कामानिमित्त चोपडा–जळगाव, अडावद-धानोऱ्यावरून जाणं-येणं असतं. परतताना अंधार होतो. पाऊस सुरू झाल्यापासून किडे इतके आदळतात की विचारू नका. कोरडा वायपर फिरवला की त्यांचा पांढरट थर काचभर पसरतो, आणि समोरून केळीचा ट्रक फुल लाइट टाकून आला की रस्ता दिसतच नाही. सध्या पाण्याची बाटली जवळ ठेवतो आणि खाली उतरून काच धुतो.

इथल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच ‘मोटर गेली, बंपर काढावा लागेल’ असं सांगितलं. घरी पाने, पेचकस, मल्टिमीटर आहे. स्वतः करण्यासारखं काम आहे का?

धुळ्याचा_भाऊ

सर, कोनी दांडी ओढी धरं तवय पंपले पेचकसनी मूठघाई हलका ठोका मारी देखा. मना बी अडकेल व्हता, ठोका देताच चालू व्हयना. आते मस्त चाली ऱ्हायना.

भुसावळ_वायरिंग

भाऊ, ठोकून चालू झालेला पंप म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. आत ब्रश झिजलेले असतात नाहीतर क्षाराने पंखा धरलेला असतो. तपासायला ठोका ठीक आहे, इलाज म्हणून नाही.

सर, माझं कामच गाड्यांच्या वायरिंगचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पंप बदलायला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत पंप चांगला असतो. म्हणून पहिला प्रश्न: आवाज येतो का? आवाज येतो आणि पाणी नाही, तर पंपाला हात लावू नका. नोजल, पाइप, जाळी बघा. आवाजच नाही, तर करंट बघा. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. दांडी ओढल्यावर वायपर फिरतात, म्हणजे दांडीपासून काहीतरी पुढे जातंय. तरी दांडीतला पंपाचा पॉइंट वेगळा असू शकतो, त्यावर विसंबू नका.

आता मल्टिमीटरबद्दल. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. वायर आतून सडून एक-दोन तारा उरल्या असतील तरी मीटर १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. पंप मात्र काही अँपिअर ओढतो, आणि तिथे ती वायर मान टाकते. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब वापरतो. बल्बच्या बुडाला एक वायर, पितळी अंगाला एक वायर, झाला टेस्ट लॅम्प. हा पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे वायरीची खरी परीक्षा होते.

पंपाचं कनेक्टर काढा. खटका दाबून ओढायचं, वायर धरून नाही. आत हिरवा थर दिसला तर तिथेच अर्धं निदान झालं. बल्बच्या दोन वायरी कनेक्टरच्या दोन पितळी पट्ट्यांना टेकवा आणि घरातल्या कोणाला तरी दांडी ओढायला सांगा, इग्निशन चालू ठेवून.

बल्ब लख्ख पेटला: पंप मेला. नवीन आणा.
मिणमिणला: वायर, कनेक्टर किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस वायर) खराब.
पेटलाच नाही: बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावा, दुसरी कनेक्टरच्या दोन्ही पट्ट्यांना आळीपाळीने. एकीवरही पेटला नाही तर अर्थ तुटलाय. पेटला तर अर्थ ठीक आहे, मग फ्यूजपासून दांडीपर्यंत शोधत जायचं.

बंपर काढायची गरज बहुतेक पडत नाही. टाकीचं तोंड ज्या बाजूला आहे त्या बाजूचं पुढचं चाक स्टेअरिंग पूर्ण फिरवून बाजूला घ्या. चाकावरच्या काळ्या प्लास्टिकच्या पुढच्या क्लिपा काढून ते वाकवलं की टाकीचं बूड आणि पंप दिसतो. तुमच्या मॉडेलला टाकी कुठे आहे ते आधी टॉर्च मारून बघा. आणि टाकी भरलेली आहे म्हणालात, तर खाली घमेलं ठेवा. पंप उपसला की सगळं पाणी तुमच्या बाहीत येणार.

चोपडेकर_सर

वायरिंगदादा, मनापासून आभार. मुलीला दांडीवर बसवलं. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे पंपच.

प्लास्टिक वाकवून पंप पाहिला. ज्या रबरात तो बसलाय त्याभोवती पांढरी खडबडीत कड जमली आहे, नखाने निघत नाही. टाकीत बोअरचं पाणी असतं. पंप काढताना आणि बसवताना काय सांभाळायचं?

भुसावळ_वायरिंग

ती पांढरी कड म्हणजेच तुमच्या पंपाचा आजार. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यात लोक होळीपासून मृगापर्यंत त्या दांडीला हात लावत नाहीत. पंखा जागच्या जागी चिकटतो, मग पहिल्या पावसात कोणी दांडी ओढून धरतो आणि अडकलेली मोटर तापून जळते.

काढताना: आधी पाइप. जुना पाइप कडक झालेला असतो, ओढला तर पंपाची नळी तुटते आणि तुकडा पाइपात अडकून बसतो. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाइपाभोवती धरा, मऊ झाला की पिळत काढा. पंप टाकीच्या अंगाला उभा टेकलेला असतो. त्याचं वरचं टोक टाकीपासून सुटं करा, मग थोडं डावं-उजवं फिरवत रबरातून उपसा.

रबर नवीनच घ्या. काहीशे रुपयांचा पंप घेताय आणि रबर जुनं ठेवताय, मग टाकी रात्रीतून रिकामी होणार. रबराच्या आत बारीक जाळी असते, तीही बघा. टाकी दोनदा विसळा, खाली गाळ असतोच. नवीन रबर बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं.

दुकानात जुना पंप दाखवूनच नवीन घ्या. एक नळीचा आणि दोन नळ्यांचा वेगळा, कनेक्टरही वेगळे. आणि बसवल्यावर आधी पाणी भरा, मगच दांडी ओढा. कोरडा फिरवू नका, त्याला थंडावा पाण्याचाच असतो.

यावल_केळी

दादा, मध्येच घुसतो. माझं उलटं आहे. मागच्या काचेवर पाणी येतं, पुढच्या काचेवर नाही. पुढची दांडी ओढली तरी मोटरचा आवाज येतो. दोन पंप असतात का? पुढचा गेला समजू का?

भुसावळ_वायरिंग

बऱ्याच गाड्यांत एकच पंप, दोन नळ्या. मोटर सुलट फिरली की पाणी एका काचेला, उलट फिरली की दुसऱ्या काचेला. आवाज दोन्हीकडे येतो म्हणजे मोटर जिवंत आहे. पंपाला सध्या सोडा.

बॉनेट उघडा, नोजलला जाणारा पाइप काढून दांडी ओढा. तिथे जोरात पाणी आलं तर नोजल बुजलंय. ठिबकचे ड्रिपर बुजतात त्यातलाच प्रकार, तुम्हाला सांगायला नको. पण ठिबकला सोडता ते ॲसिड इथे आणू नका, रंग जाईल. नोजल काढून कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा, बारीक तारेने मोकळं करा. पाइपातूनच पाणी आलं नाही तर मागे मागे जा. सांध्यात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो चिकटतो. नाहीतर बॉनेटच्या बिजागरीपाशी बघा, तिथे पाइप रोज वाकून चिरतो.

चोपडेकर_सर

पंप बसवला, रबरासकट. फवारा थेट छतावरून मागे जातोय, म्हणजे नोजल जरा खाली वळवावं लागेल. आता टाकीत काय भरू? बोअरचं तर नको. कूलरमध्ये आरओचं पाणी भरतो, ते चालेल का?

भुसावळ_वायरिंग

अभिनंदन सर. नोजलची गोळी टाचणीने हलते, फवारा काचेच्या मध्याच्या थोडा वर पडू द्या. गाडी वेगात असली की वाऱ्याने तो खाली दबतो. काही नोजल हलत नाहीत, ती मोडू नका.

आरओचं पाणी थेट नळातून घ्या. कूलरमधून काढलेलं नको. तिथे पाणी उडत राहतं आणि क्षार दाट होत जातात. एसीच्या नळीचं पाणी फडक्यातून गाळून चालेल. त्यात काचेचं वॉशर लिक्विड, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. कपड्यांची पावडर टाकणाऱ्यांची नोजलं मी रोज साफ करतो.

यावल_केळी

दादा, बरोबर निघालं. बिजागरीपाशी पाइप चिरला होता, सगळं पाणी इंजिनावर पडत होतं. घरी ठिबकची ४ मिमीची मायक्रोट्यूब गुंडाळीभर पडली आहे. तीच टाकली तर?

भुसावळ_वायरिंग

सरळ जागी चालेल, दोन्ही टोकं घट्ट बसली तर. बिजागरीपाशी नको, ती कडक असते, मुरगळली की पाणी बंद. तेवढा वीतभर तुकडा मऊ रबरी पाइपाचा घ्या आणि बॉनेट लावताना तो चिमटत नाही ना ते बघा.