जुन्या पीसीत नवा प्रोसेसर: तुमचा अनुभव सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि घराघरांतले धडधाकट पीसी एका दिवसात जुने ठरले. ते भंगारात घालण्याआधी नुसता प्रोसेसर बदलून पाहिलाय का कोणी? नाशिककरांनो, मदरबोर्ड कोणता, काय बसवलं, फरक पडला का, सविस्तर लिहा.

सिडको
एच६१ बोर्ड, त्यावर इंटेलचा आय३-२१०० प्रोसेसर. मुलीच्या अभ्यासासाठी सेकंडहँड आय५-३४७० आणला, तो तिसऱ्या पिढीचा. सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) तोच, एलजीए ११५५, पण तेवढ्यावर भागत नाही. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखायला या बोर्डांना बहुतेक वेळा नवं बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) लागतं. म्हणून आधी जुन्याच प्रोसेसरवर पेनड्राइव्हने बायोस अपडेट केलं, तेही यूपीएस लावून. मधेच लाइट गेली असती तर बोर्डच गेला असता! कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, दोनाचे चार झाले. ऑनलाइन तास चालू असताना दुसरं काही उघडलं की आवाज तुटायचा, तो आता तुटत नाही. विंडोज ११ ला मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, मुलगी खूश आहे.

पंचवटी
स्टुडिओतला कोअर २ ड्युओ. दुकानदार चार कोअरचा क्वाड बसवा म्हणाला. बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या, चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तो नव्हता, म्हणून नाही घेतला. एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, काम भागलं.

अंबड
एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड, रायझन ३ १२०० काढून रायझन ५ ५६००. आधी बायोस अपडेट, हे आलंच. पण प्रोसेसरवरचा कूलर कृपा करून सरळ वर ओढू नका. यात पिना प्रोसेसरलाच असतात. दोघांमधली पेस्ट वाळलेली असली की सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं. सहा कोअर, ६५ वॉट, जुना एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) पुरला. बायोसमध्ये एफटीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू केल्यावर विंडोज ११ सुद्धा बसलं.

नाशिकरोड
सिडकोकरांच्या माहितीत भर: एलजीए ११५५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात, प्रोसेसरला खाली नुसत्या सोनेरी टिकल्या. वापरलेला बोर्ड घेताना मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून सॉकेट बघा. एखादी पिन वाकली असेल तर तेवढीच वेगळी चमकते. तसा बोर्ड घेऊ नका.