दुसरीतल्या पोरांना रोमन आकडे लिहायला लावणं गरजेचं आहे का?

ऐरोलीची आई: लेकीच्या शाळेत दुसरीलाच रोमन सुरू केलंय, १ ते ५० लिहायचे, सोमवारी टेस्ट. अजून तिची ३६ आणि ६३ मध्ये गडबड होते आणि त्यात हे एक्स, एल, व्ही. काल ४० ला चार एक्स काढून मोकळी. म्हटलं अगं, एकच अक्षर तीनदाच चालतं, तर म्हणते मग आपल्या घड्याळात ४ ला चार काड्या कशा? बघितलं तर खरंच चार! माझं म्हणणं, १२ पर्यंत ओळखता आले की बास.

कोपरीकर: ताई, बऱ्याच घड्याळांवर जुन्या पद्धतीने चार काड्याच असतात, सांगून टाका की तिला. आणि सगळी मिळून सात अक्षरं, त्यातली ५० पर्यंत चारच लागतात. वहीच्या लेबलवर इयत्ता, पेपरात उपप्रश्न, बिल्डिंगची फेज, सगळीकडे दिसतात. हल्ली पोरांना जरा काही दिलं की पालकच आधी दमतात 😀

नेरूळवाला: दमायचा प्रश्न नाहीये हो. बालभारतीत रोमन संख्याचिन्हं पाचवीच्या गणितात आहेत, मग इथे सात वर्षांच्या पोरांना एवढी घाई कशाला? आणि अक्षरं चार असली तरी नियमांचं काय, आय फक्त व्ही आणि एक्सच्याच आधी लावून वजा होतो, म्हणून ४९ ला आय एल नाही चालत, एक्स एल आय एक्स लिहावं लागतं. घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, बरेच जण आपटतील.

घोडबंदर क्लासवाले सर: मी शिकवण्याच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. रोमनमध्ये शून्य नाही, एकक-दशकाची घरं नाहीत. ३८ लिहायला सात अक्षरं लागतात, आपल्याला दोन अंक. ते बघितल्यावर पोरांना आपल्या पद्धतीची गंमत कळते.

नेरूळवाला: सर, पण त्यासाठी आधी एकक-दशक पक्कं हवं ना? ३६-६३ मध्ये अडकलेल्या पोरीला कसली गंमत कळणार?

घोडबंदर क्लासवाले सर: हो, ते मान्य. दुसरीत मी पण वहीत लिहून नाही घेणार, आइस्क्रीमच्या काड्या द्या, १२ पर्यंत मांडू दे. ९ च्या काड्या उलट्या बाजूने बघितल्या की ११ होतात, तिथे पोरं बरोबर थांबतात आणि विचारतात.

कोपरीकर: काड्या ठीक, पण टेस्ट पेननेच द्यायचीय सर.

ऐरोलीची आई: तेच तर! काड्या आज करून बघते, पण पीटीएमला ५० पर्यंत कशाला हे विचारणार आहेच. अजून कोणाकडे दुसरीलाच आहे का?