सिएराचे जुने ओरिजिनल स्टिकर सापडलेत, कसे ठेवू आणि किती सांगू? मदत हवी आहे, जरा अर्जंट

सांगलीचा_सुम्या:
मंडळी, मामाचं स्पेअर पार्टचं दुकान रिकामं करतोय. माळ्यावर एका नळकांड्यात टाटा सिएरा गाडीचे साइडचे स्टिकर मिळाले, कंपनीचे, कोरे. एक जण फोनवर म्हणतोय सगळ्याचे पाच हजार देतो, रविवारी येतोय. देऊ का? आणि तोवर ठेवायचे कसे, वर पत्रा आहे, तापतो जाम. 'गूगल कर' सांगू नका, केलंय.

क्लचप्लेट:
सगळ्याचे म्हणजे किती? डावा-उजवा दोन्ही आहेत का? लेबल, पार्ट नंबर? फोटो टाक की राव.

रेडियम_किंग:
कशाला एवढा ताप. आमच्या इथला रेडियमवाला कुठलाही पट्टा डिट्टो कापून देतो, हजार-बाराशेत दोन्ही बाजू. जुन्याला कोण विचारतंय. पाच हजार घे आणि मोकळा हो.

क्लचप्लेट:
@रेडियम_किंग भाऊ, तो विकायचा भाव विचारतोय, लावायचा नाही. ओरिजिनलचा भाव तो ओरिजिनल आहे म्हणूनच असतो. मी चार वर्षांपूर्वी एकाच बाजूचा, तोही कोपरा फाटलेला, २२०० ला घेतलाय आणि अजून दुसरी बाजू शोधतोय.

सांगलीचा_सुम्या:
फोटो चढत नाहीये, साइज मोठी म्हणतंय. तीन गुंडाळ्या आहेत. एकीवर टेल्कोचं (टाटा मोटर्सचं जुनं नाव) लेबल आहे पण नंबर अर्धा कसरीने खाल्लाय. नळकांड्यात डांबरगोळ्या होत्या म्हणून वाचले असावेत.

निवृत्त_पेंटशॉप:
अहो सुम्या, आधी त्या डांबरगोळ्या बाहेर काढा, मग बाकीचं बोलू. त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं, विनाइल चिकट होतं. कसरीला त्या मागच्या कागदाचं वेड असतं हे खरं, पण त्यावर हा उपाय नाही.

आता ठेवण्याचं. माळा नको, आतल्या खोलीतलं गोदरेजचं कपाट बघा, भिंतीला ओल असेल तर तेही नको. सपाट ठेवायला जागा असेल तर उत्तम. नसेल तर कापडाच्या दुकानात तागा गुंडाळायचा पुठ्ठ्याचा जाड नळा मिळतो, त्यावर सैल गुंडाळा, छापलेली बाजू बाहेर. आत घेतली की वरचं विनाइल आखडतं, सुरकुत्या पडतात आणि ते कागदापासून सुटायला लागतं. मध्ये बटर पेपर घाला. बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पिशव्यांत मात्र अजिबात घालू नका, काही वर्षांनी पिशवी आणि स्टिकर एकमेकांना चिकटतात. रबरबँड पण नको.

घाटावरचा:
मी तर म्हणतो सरळ लॅमिनेशन करून टाक, शंभर वर्षं टिकेल.

निवृत्त_पेंटशॉप:
लॅमिनेशन गरम करतात हो! मागचा डिंक आधीच पंचवीस-तीस वर्षांचा. वाट लागेल.

घाटावरचा:
माझ्या दहावीच्या मार्कशीटला काही झालं नाही अजून.

डिलाइट_६४:
मुळात सिएरा क्लासिक कधीपासून? १९९१ ची गाडी. सरकारी नियमाने विंटेजला पन्नास वर्षं लागतात. आमच्याकडे फियाट डिलाइट आहे, तिला म्हणतात जुनी गाडी. बाय द वे डिलाइटच्या डिकीवरची अक्षरं कुणाकडे आहेत का?

क्लचप्लेट:
काका तुमचा वेगळा धागा काढा ना. नवीन सिएरा २०२५ च्या नोव्हेंबरात आल्यापासून जुनीचं काहीही विचारा, भाव चढलाय. @सुम्या लेबलवर टेल्को आहे म्हणजे २००३ च्या आधीचा माल, तेव्हा कंपनीचं नाव बदललं. ते लेबल फेकू नकोस, अर्धं असलं तरी. आणि लोक ऑनलाइन काय मागतात ते बघून भाव ठरवू नको, मागायला कोणी काहीही मागतं. खरंच कितीला गेलं ते मालकांच्या ग्रुपवर विचार. जोडी पूर्ण असली तर दोन सुट्या पट्ट्यांपेक्षा जास्त येतात.

सांगलीचा_सुम्या:
एक सांगायचं राहिलं. काल एक गुंडाळी उघडत नव्हती म्हणून बहिणीचा हेअर ड्रायर मारला. सिएरामधलं शेवटचं 'ए' अक्षर कागद सोडून माझ्या अंगठ्याला चिकटून आलं. डिंकाची तार निघते नुसती, चिक्कीच्या पाकासारखी. परत बसवलंय पण तिरकं बसलं. याने भाव पडेल का?

रेडियम_किंग:
तरी सांगत होतो 😂

निवृत्त_पेंटशॉप:
त्या गुंडाळीचा पडणार. पण तार निघते म्हणजे डिंक गेलेला आहे, हे लक्षात घ्या. गाडीवर लावले तर उन्हात एका मे महिन्यात कडा उचलतील. घेणाऱ्याला हे सांगून द्या, नंतर कटकट नको. आणि बाकीच्या दोन ओढून उघडू नका, दोन दिवस सावलीत पडू द्या, आपोआप सैल होतील. मग शेजारी स्टीलची पट्टी ठेवून तुकड्या-तुकड्याने स्कॅन करा, माप कायमचं हातात राहतं. त्यावरून नवीन कापून घ्या, गाडीवर ते लावा, ओरिजिनल जपा.

रेडियम_किंग:
म्हणजे शेवटी रेडियमवालाच.

निवृत्त_पेंटशॉप:
स्कॅन करून, अंदाजाने नाही.

क्लचप्लेट:
थांबा, तुम्ही 'गाडीवर' म्हणालात. @सुम्या तुझ्याकडे गाडी आहे का?

सांगलीचा_सुम्या:
हो, मामाचीच, ९५ ची. दुकानामागे ताडपत्रीखाली उभी आहे, सात वर्षं सुरू नाही केली. ती पण काढायचीच आहे, पण प्रश्न स्टिकरचा होता म्हणून लिहिलं नाही.

क्लचप्लेट:
अरे देवा!! मग स्टिकर कशाला सुटे विकतोयस? गाडीबरोबर दे. आणि मागच्या त्या वळणाच्या मोठ्या काचा शाबूत आहेत ना? स्टिकर पुन्हा छापता येतात, ती काच कुठून आणणार? रविवारच्या माणसाला गाडीबद्दल काही बोलू नको.

सांगलीचा_सुम्या:
त्याने सकाळीच विचारलं, दुकानात काचा पण आहेत का म्हणून. मी म्हटलं या, दाखवतो. काचेचा काय रेट चालू आहे?