‘परिणामकारक’ नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

शाळांच्या योजनांवरच्या अहवालांत ‘योजना परिणामकारक ठरली’ हे वाक्य सर्रास भेटतं. गणवेश वाटले, पुस्तकं पोचली, पटावरच्या सगळ्या मुलांना लाभ मिळाला, म्हणून परिणामकारक. शिक्षणाच्या अर्थशास्त्रात हा शब्द इतक्या सहज वापरत नाहीत. योजनेमुळे मूल किती शिकलं आणि त्यासाठी किती पैसा लागला, ही दोन्ही उत्तरं लागतात. मराठीत हे शब्द कसे वापरावेत? आणि काउंटरफॅक्च्युअलला, म्हणजे योजना नसती तर काय झालं असतं याला, ‘प्रतितथ्य’ म्हटलं तर किती शिक्षकांना कळेल?

उत्तर (दिंडोरी)

वाटप झालं, तर ‘अंमलबजावणी’ म्हणा. मुलाला काय येतं, ते ‘निष्पत्ती’. अध्ययन निष्पत्ती हा शब्द शाळांत रुळलेलाच आहे. ‘परिणाम’ मात्र राखून ठेवा. निष्पत्तीतला जेवढा वाटा योजनेमुळे आला, तेवढाच परिणाम. बाकीची वाढ वय, घर, शिकवणी यांचीही असू शकते.

‘प्रतितथ्य’ऐवजी मी ‘एरवी’ म्हणेन. ‘योजना नसती तर एरवी ही मुलं किती शिकली असती?’ आमच्याकडे नवं औषध मारताना द्राक्षाच्या दोन ओळी मुद्दाम सोडतात, त्या या ‘एरवी’साठीच.

शाळांतही हे झालंय. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचा बालसखी उपक्रम होता. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी शाळेच्या वेळात वेगळं बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवायची. २००१ ते २००३ या काळात त्याची पाहणी झाली. काही शाळांना बालसखी तिसरीसाठी दिली, काहींना चौथीसाठी, म्हणजे एकमेकींशी तुलना करता आली. मागे पडलेल्या मुलांचे गुण चांगले वाढले. वर्गात उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांच्यात फरक दिसला नाही. खर्चाचा विचार इथे येतो: वर्ग लहान करायला नियमित शिक्षक नेमणं कितीतरी महाग. पुढच्या वर्षी त्या गुणवाढीतली बरीचशी ओसरली, हेही सांगायला हवं. ‘परिणाम’ लिहिताना तो किती टिकला, ते लिहाच. पाहणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्यासोबत.

उत्तर (पेठ)

‘एरवी’ आवडला, ताई. आमच्याकडे त्याची फार गरज आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, पोरं बरोबर जातात. जुलैच्या हजेरीशी जानेवारीची हजेरी ताडून पाहिली, तर चांगली योजनाही फसलेली दिसेल. तुलना त्याच महिन्याशी, आणि तशाच स्थलांतराच्या गावांशी हवी.

एक मतभेद. पोषण आहाराचं मोल फक्त गुणांत मोजू नये. भुकेलं पोर जेवलं, हीही निष्पत्तीच. आणि २००९च्या कायद्याने शिक्षण हा हक्क झालाय; तो द्यावा की नाही हे हिशेबाने ठरत नाही. कसा द्यावा, हे ठरवायला हिशेब हवा.

तोवर अहवालात मी एवढंच लिहीन: ‘गणवेश वेळेत वाटले. हजेरीवर आणि वाचनावर त्याचा परिणाम तपासलेला नाही.’