टॅबलेट हाती आला म्हणून सहाध्यायी खरे बोलू लागतील का?

टाचणवही (धागाकर्ता, कोल्हापूर)

अध्यापक महाविद्यालयांतील प्राध्यापकांच्या एका समूहावर परवा एका सहकाऱ्यांनी लिहिले की, प्रत्येक छात्राध्यापकाला, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्याला, टॅबलेट द्यावा, पाठाचे चित्रीकरण करावे आणि निरीक्षणाचा तक्ता पडद्यावरच भरून घ्यावा, म्हणजे सहाध्यायींचे प्रत्याभरण (पाठ पाहून एकमेकांना दिलेल्या सूचना) आपोआप सुधारेल. त्यातील ‘आपोआप’ हा शब्द मला स्वस्थ बसू देईना.

मी बी.एड.च्या वर्गांना २६ वर्षे शिकवले आणि त्या काळात निरीक्षण वह्यांचे ढीग तपासले. ‘पाठ चांगला झाला, आवाज स्पष्ट होता, फलकलेखनाकडे लक्ष द्यावे’ ही वाक्ये त्या वह्यांत इतक्या वेळा येत की, कोणाचा पाठ आहे हे वरचे नाव झाकल्यावर कळत नसे. याचे कारण वही कागदाची होती हे नव्हते. निरीक्षण लिहिणारी आणि पाठ घेणारी या दोघी एकाच एसटीने घरी जातात, उद्या भूमिका उलटणार असतात, आणि आपल्या एका खऱ्या वाक्यामुळे मैत्रिणीचे अंतर्गत गुण कापले जातील ही भीती दोघींनाही असते. ती भीती पडद्यावर बोट फिरवल्याने कशी जाईल?

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठातून एकेका कौशल्याचा सराव, १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आले, त्या आरंभीच्या काळापासूनच चित्रफितीचा वापर तिथे होत होता. आपल्याकडे तशी साधने परवडणारी नव्हती, म्हणून एनसीईआरटीच्या भारतीय प्रतिमानात सहाध्यायी हेच विद्यार्थी आणि तेच निरीक्षक झाले. ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनराध्यापन आणि ६ मिनिटे पुनर्प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे ते चक्र आहे. यातले पुनराध्यापन माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा कागदावरच झाले. ऐकलेल्या सूचनेवर पुन्हा उभे राहून शिकवायचेच नसेल, तर ती सूचना वहीत आली काय आणि टॅबलेटवर आली काय, फरक कोणता?

दुसरे वर्ष

सर, वह्यांबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, कारण तशा वह्या मीही भरल्या आहेत. परंतु निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे स्वतःच्या अनुभवावरूनच सांगावे लागेल.

माझी आंतरवासिता, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव, करवीर तालुक्यातील एका शाळेत चालू आहे. आठवीच्या विज्ञानाच्या पाठाला माझ्या मैत्रिणीने तिचा स्वतःचा टॅबलेट मागच्या खिडकीत ठेवला. पाठ संपल्यावर तिने मला चांगले किंवा वाईट असे काहीच सांगितले नाही. चित्रण पाहत तिने फक्त वेळा लिहून काढल्या होत्या : मी प्रश्न कधी विचारला, कोणी कधी तोंड उघडले आणि मी पुन्हा कधी बोलू लागले. ११ प्रश्नांपैकी ८ प्रश्नांची उत्तरे मी स्वतःच दिली होती, आणि तीही दोन सेकंद पुरे होण्याच्या आत. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच दाखवून दिले होते की, शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात. हा भाग मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तरीही स्वतःला थांबता येत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

आपण म्हणता ती भीती आमच्या दोघींतही होती. पण वेळ लिहिणे म्हणजे दोष काढणे नव्हे, म्हणून तिला ते लिहिता आले आणि मला ते ऐकता आले. तिने वहीत ‘प्रश्नकौशल्य सुधारावे’ असे लिहिले असते, तर मी महिनाभर तिच्याशी नीट बोलले नसते, हेही प्रामाणिकपणे कबूल करते.

निवृत्त पर्यवेक्षक

मॅडम, यासाठी टॅबलेट कशाला हवा? फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाच्या आंतरक्रिया विश्लेषणात वर्गातील बोलण्याचे १० प्रवर्ग केलेले असतात, दर ३ सेकंदांनी त्यांपैकी एकाचा आकडा लिहायचा असतो आणि त्याला पेन्सिल, कागद व घड्याळ पुरते. शिक्षक किती बोलला आणि मुले किती बोलली, हे त्यातून स्वच्छ दिसते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. छात्राध्यापक वर्गात आला की त्या वर्गाचे मूळ शिक्षक शिक्षकखोलीत जाऊन बसतात. कोणते मूल का गप्प आहे हे ज्यांना कळते, तेच प्रत्याभरणाच्या वेळी नसतात. अध्यापक महाविद्यालये शाळांपासून तुटलेली आहेत, असे शिक्षणविषयक कोठारी आयोगाने १९६६ मध्येच बजावले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे होते. त्यांच्याच जिल्ह्यात आपण अजून सहाध्यायींनी सहाध्यायींना काय सांगावे एवढ्यावरच बोलत आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे वर्ष

सर, ३५ मिनिटांच्या तासिकेत दर ३ सेकंदांनी एक म्हणजे ७०० नोंदी होतात. एकदाही मान वर न करता त्या भरणाऱ्या सहाध्यायीला वर्ग दिसणार कधी? चित्रण थांबवता येते, मागे नेता येते आणि मतभेद झाला तर दोघींना तेच क्षण पुन्हा पाहता येतात. वर्गशिक्षक निघून गेले असतील, तर दुपारच्या सुट्टीत तीन मिनिटांचा तुकडा त्यांनाही दाखवता येतो. आपल्या तक्रारीवरचा उपाय याच साधनात आहे, असे मला वाटते.

गगनबावड्याची वाट

‘तुकडा दाखवता येतो’ हे वाचले आणि राहवले नाही. तो तुकडा पुढे कुठे जातो, हे मी भोगलेले आहे.

माझ्या बी.एड.च्या काळात सहावीच्या गणिताच्या पाठात परिमिती आणि क्षेत्रफळ यांत माझा गोंधळ झाला. प्रत्याभरणासाठी म्हणून ते चित्रण गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकले गेले आणि संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या तुकडीतल्या मुलांच्या मोबाइलवर पोहोचले. त्यानंतर शेवटच्या पाठापर्यंत मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवले. पण माझे सोडा. त्याच चित्रणात एक मुलगा उभा होता, ज्याला उदाहरण वाचता येत नव्हते. तो अडखळत होता आणि वर्ग हसत होता. तो मुलगा किती जणांनी पाहिला? त्याच्या आईला कोणी विचारले होते?

आज मी याच भागातील एका शाळेत शिकवते. छात्राध्यापक टॅबलेट घेऊन येतात तेव्हा मी चित्रीकरणाला परवानगी देत नाही आणि यापुढेही देणार नाही.

राजारामपुरीकर

मॅडम, आपल्याबाबतीत घडले ते चुकीचेच होते. परंतु एका गटाच्या बेशिस्तीसाठी सगळ्यांचे शिकणे बंद करायचे का? स्नेहसंमेलनातील त्याच मुलांचे नाच शाळा स्वतः फेसबुकवर टाकतात, तेव्हा कोणाच्या आईला विचारतात? नव्या गोष्टींना नकार देण्याची शिक्षकांची सवय जुनी आहे आणि मुलांच्या हिताचे नाव पुढे करणे हा तिचा सर्वांत सोपा आडोसा आहे.

गगनबावड्याची वाट

‘आडोसा’ हा शब्द आपण मागे घ्यावा. नाचणारे मूल आपण होऊन मंचावर येते. वाचता न येणारे मूल दुसऱ्याच्या प्रशिक्षणासाठी उभे केलेले असते. हा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनी माझ्या वर्गातील मुलांच्या हिताबद्दल मला सांगू नये. स्नेहसंमेलनाची चित्रेही न विचारता टाकू नयेत, हे मी शिक्षकसभेत दोनदा मांडले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे.

राजारामपुरीकर

शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. कॅमेरा मुलांकडे न वळवता फक्त शिक्षकाकडे ठेवता येतो, आणि चित्रण त्याच टॅबलेटवर राहू दिले तर इंटरनेटची गरजही पडत नाही.

दुसरे वर्ष

कॅमेरा फक्त माझ्याकडे असता, तर मुलांचे हात वर होते की नव्हते हे मला दिसले नसते. मात्र आवाज आला असता आणि माझी चूक तेवढ्यावरही कळली असती. गगनबावड्याच्या मॅडमचे लिहिणे वाचल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. ते चित्रण तिच्या टॅबलेटवर अजून होते, आणि आम्ही वर्गातल्या कोणाच्याही पालकांना विचारलेले नव्हते. ते आता पुसले आहे.

टाचणवही (धागाकर्ता)

‘वेळ लिहिणे म्हणजे दोष काढणे नव्हे’ या वाक्याने मला दोन दिवस अडवले. मी सव्वीस वर्षे छात्राध्यापकांकडे अभिप्राय मागत राहिलो आणि ते खोटे लिहितात म्हणून त्यांच्यावर रागावत राहिलो. त्यांच्याकडे केवळ नोंद मागितली असती तर काय झाले असते, हे मी कधी करून पाहिले नाही. एवढे मी मान्य करतो. ‘आपोआप’ हा शब्द मला आजही मान्य नाही.

माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात मी पुढील प्रस्ताव ठेवणार आहे. सूक्ष्म पाठांत मुले नसतात, सहाध्यायीच असतात, म्हणून चित्रीकरण तिथेच करावे. सहाध्यायीने विशेषणे न वापरता वेळ आणि घटना एवढेच लिहावे. त्या नोंदींवर गुण देऊ नयेत. त्याच आठवड्यात पुनराध्यापन व्हावे आणि ते झाले की चित्रण दोघांच्या समोर पुसावे. खऱ्या वर्गात आवाजाची नोंद घेण्याचा विचार पालकांची संमती मिळाल्यावरच करावा.

गगनबावड्याची वाट

सूक्ष्म पाठांपुरते मला मान्य आहे. खऱ्या वर्गाबाबत एक प्रश्न राहतो. गळीत हंगामात आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले येतात. त्यांचे आईवडील पहाटे फडावर जातात, अंधार पडल्यावर परततात आणि त्यांतील अनेकांना संमतीपत्र वाचता येत नाही. त्यांना हे समजावून सांगायला खोपीवर कोण जाणार आहे?

दुसरे वर्ष

आमच्या शाळेपासून खोपी दीड किलोमीटरवर आहेत. मुलांची नावे वर्गशिक्षकांकडून घेऊन आम्ही दोघी गुरुवारी संध्याकाळी जातो. ज्यांनी नाही म्हटले, त्यांच्या मुलांच्या वर्गात टॅबलेट बाहेर काढणार नाही.