"क्रुगर म्हणजे डांबरी झू" म्हणणाऱ्यांसाठी

रानमेवा: परवा एकाने इथे टाकलंय, "क्रुगर म्हणजे डांबरी रस्त्यावरचं झू, खरी सफारी बोत्स्वानालाच." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. अरे बाबा, दक्षिण आफ्रिकेतलं साडेएकोणीस हजार चौ. किमी जंगल आहे ते. ताडोबाचा कोअर सव्वासहाशे, तिथे जिप्सींच्या रांगेत वाघाची शेपटी दिसली तरी तुम्ही नाचता, आणि हे झू? आम्ही चौघं, भाड्याची साधी सेडान, गाडी आपल्यासारखीच डावीकडून, डांबरीवर ५०, कच्च्यावर ४०, खाली उतरायचं नाही आणि गेट बंद व्हायच्या आत कँपात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उघड्या जीपवर चढताच येत नाही, त्या लोअर साबी कँपजवळच्या सनसेट डॅमवर पाणघोडे बघत गाडीत दीड तास बसल्या, चहासुद्धा मागितला नाही. आणि सातारा कँपजवळ पहाटे ठिपक्यांचे रानकुत्रे, अख्खा कळप, त्याच तुझ्या डांबरावर पसरलेला.

डेल्टावाला: तो मीच. ताई, कुत्र्यांभोवती गाड्या किती होत्या तेही सांगा ना. बोत्स्वानात चोबे नदीवर बोटीतून हत्ती पोहताना बघा, नुसती सोंड पाण्यावर. ओकावांगो नदीच्या डेल्टात मोकोरोत, म्हणजे काठीने ढकलायच्या अरुंद होडीत बसा, इंजिनाचा आवाज नाही काही नाही. अंगोलात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस तिथे ऐन कोरड्या दिवसांत, जून-जुलैत पोचतो आणि वाळवंटातच संपतो, समुद्र बघतच नाही. गर्दी नको म्हणूनच त्यांचं धोरण आहे, माणसं कमी, पैसे जास्त.

रानमेवा: "पैसे जास्त" किती हळूच म्हणालास रे. तिथल्या लॉजच्या दोन रात्रींचं कोटेशन आलं होतं मला, तेवढ्यात आमचं आठवड्याचं क्रुगर झालं.

अजिंक्यतारा: एक मिनिट. सातारा??? तिथे सातारा आहे आणि कुणी बोलत नाही? आपला माणूस गेल्याशिवाय हे नाव पडणार नाही.

डेल्टावाला: नाही हो. जमिनीच्या मोजणीत सतराव्या तुकड्याला मोजणीदाराच्या भारतीय मदतनिसाने सतरा म्हटलं, त्याचं सातारा झालं अशी गोष्ट तिकडे सांगतात.

अजिंक्यतारा: मग सतरा मराठीच की! हिंदीत सत्रह. मिटला विषय.

तिरकस: कसला मिटला. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात १८६० पासून भारतीय मजूर गेले ते मद्रास आणि कलकत्त्याहून, तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणारे. आणि भोजपुरी माणूस सतरह म्हणताना शेवटचा ह कुठे तुम्हाला ऐकू येणारे.

अजिंक्यतारा: म्हणजे मराठी माणूस नव्हताच हे सिद्ध झालं का? पुण्याच्या लोकांना काही चांगलं आपलं म्हणवतच नाही. कंदी पेढे न्यायला मात्र बरोबर थांबता.

तिरकस: मी नाशिकचा आहे. आणि पेढ्यांचा इथे संबंध काय?

अजिंक्यतारा: संबंध नाही तर मग उत्तरं कशाला देताय.

नोव्हेंबरपीडित: भांडा तुम्ही. आमच्या टूरवाल्याने नोव्हेंबरात व्हिक्टोरिया फॉल्स झांबियाच्या बाजूने दाखवला. पावणेदोन किलोमीटर रुंद धबधबा म्हणून गेलो, समोर काळा कातळ. पाणी सगळं झिंबाब्वेच्या बाजूला. विचारलं तर म्हणे सर, शांतता अनुभवा. रेनकोट मात्र माणशी दोन डॉलर घेऊन आधीच घालायला लावले होते.

तिरकस: एप्रिलमध्ये गेला असतात तर फवाऱ्यापुढे धबधबाच दिसला नसता. जायच्या आधी थोडं वाचायचं असतं.

नोव्हेंबरपीडित: आलात का इकडेपण. वाचायचं होतं तर टूरवाल्याला पैसे कशाला दिले मी?

डेल्टावाला: मूळ विषयावर या. ताई, झू शब्द मागे घेतो, "मोठं झू" म्हणतो, खूश? बाकी ते सासूबाईंचं... माझ्या आईचेही गुडघे गेलेत. मोकोरोत तर तिला बसवताच येणार नाही, खाली मांडी घालावी लागते. सेडान खरंच चालते का कच्च्यावर?

रानमेवा: चालते की. झूच आहे ना ते.