हॅवलॉकला मुक्काम कुठे करावा: राधानगर की विजयनगर?

धंतोलीकर
अंदमानचं बुकिंग निघालं की आपल्या नागपुरातल्या घराघरांत एकच हट्ट: हॅवलॉक बेटावर (2018 पासून स्वराज द्वीप) राधानगरच्या किनाऱ्यालाच राहायचं, कारण फोटो तिथले. माझं मत, तिथे राहू नका. बोट लागते त्या जेट्टीपासून राधानगर 12 किलोमीटरच्या आसपास, बेटाच्या पार पश्चिमेला. बाजार, खानावळी, भाड्याच्या स्कूटर, बहुतेक डायव्हिंगवाले, सगळं पूर्व बाजूला, गोविंदनगर-विजयनगरच्या पट्ट्यात. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. त्यानंतर राधानगरला करायला काहीच नसतं, जेवणही रिसॉर्टच्याच किचनच्या भावानं. विजयनगरला खोली घ्या, एका दुपारी दोनला निघून राधानगर करा, मावळती पाहून परत या. जाता-येताची रिक्षा आधीच ठरवून ठेवा, अंधार पडल्यावर तिथे घासाघीस चालत नाही.

मेधा_सदर
आणि ओहोटी? पूर्व किनारा उथळ आहे. ओहोटीत विजयनगरचं पाणी एवढं मागे जातं की खाली खडक आणि मेलेल्या पोवळ्यांचे धारदार तुकडेच उरतात. लेकरं अनवाणी धावली की तळपाय कापलेच म्हणून समजा. हॉटेलवाले फोटो टाकतात भरतीचा. 'बीचफ्रंट'चे जास्तीचे पैसे भरायचे आणि नेमक्या आंघोळीच्या वेळी चिखल बघत बसायचं! राधानगरचा तळ वाळूचा आहे, ओहोटीतही पाण्यात उतरता येतं. समुद्रात डुंबायलाच चाललात तर राहा तिथे.

महाल_का_भाऊ
त्यात काय एवढं, पंचांग काढा ना बाप्पा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.

मेधा_सदर
भाऊ, ते गणित कोकण किनाऱ्याचं. अंदमानात भरतीच्या वेळा वेगळ्या. पोर्ट ब्लेअरचं (2024 पासून श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक नेटवर मिळतं, तारीख टाकून तेच पाहा. रोज वेळ साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी आठला भरती असेल तर चौथ्या दिवशी साडेदहाला. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. चांदण्यासाठी पौर्णिमा गाठणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

धंतोलीकर
कोष्टक पाहायचंच आहे तर माझाच मुद्दा पक्का होतो. सकाळी भरती असेल तर विजयनगरला खोलीतून सरळ पाण्यात, ओहोटी लागली की स्कूटर काढून राधानगर. शिवाय राधानगरच्या टोकाला, नील्स कोव्हकडे, मगरीचे फलक लावलेत. तिथे संध्याकाळी पाण्यात उतरायचं नाही, मग पाण्याच्या कडेला राहून मिळालं काय? वाळूतल्या बारीक माश्या मात्र दोन्हीकडे चावतात, खाज चार-चार दिवस जात नाही. पहाटे आणि संध्याकाळी पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा.

इंजिनिअर_प्रतापनगर
दोघंही बेटावरच भांडून राहिले, खरी अडचण शेवटच्या रात्रीची आहे. नागपूरहून कोलकाता किंवा चेन्नईला विमान बदलावं लागतं. परतीच्या दिवशी हॅवलॉकहून बोटीनं येऊन त्याच दिवशीचं विमान पकडू म्हणाल तर समुद्र खवळला की बोट रद्द, आणि पुढचं तिकीटही बुडालं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, अबर्डीन बाजाराजवळ. स्कूबा करणार असाल तर तेही त्याच हिशेबात बसतं: शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ द्या, 24 गेले तर उत्तम. शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर केबिनमधला हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो, सांधे धरतात, कधी त्याहून वाईट होतं. आणि मेच्या सुट्टीतली सहल महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मान्सून आधी तिकडेच पोचतो.

मेधा_सदर
शेवटच्या रात्रीचं मान्य. पण धंतोलीकरांचा प्लॅन स्कूटर चालवणाऱ्या जोडप्यांसाठी ठीक. सोबत आजी आणि दोन लेकरं असतील तर रोज 12 किलोमीटर जा-ये कोण करणार?

धंतोलीकर
आजींसाठी तर विजयनगरच! जेट्टी जवळ, दवाखाना जवळ, वरण-भात मिळणारी खानावळ जवळ. खोली ठरवताना फोनवर दोनच गोष्टी विचारा: वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो का, आणि खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत पायऱ्या किती.